सागवान की प्लाय? आधी वाड्यातल्या तुळया मोजा

ताई, तुमचा प्रश्न बाकीच्यांना कळावा म्हणून थोडक्यात परत लिहितो. वाईचं जुनं घर पाडायचंय, ठेकेदार म्हणतोय लाकूडफाटा मी उचलतो आणि तेवढी रक्कम बिलातून कमी करतो. इकडे पुण्यात टू बीएचकेचं फर्निचर करायचंय. इंटिरिअरवाला गर्जन नावाच्या झाडाच्या प्लायचा आग्रह धरतोय, मुलगा म्हणतो सागवान म्हणजे जंगलतोड, एमडीएफचे दाबून केलेले बोर्ड घ्या, ते भुशाचं असतं म्हणजे रिसायकल झालं. आणि तुम्हाला कळत नाहीये की यातलं खरंच पर्यावरणाला कमी त्रासाचं कुठलं.

मी चोवीस वर्षं लाकडात आहे. आधी आरागिरणीवर, मग स्वतःचं वर्कशॉप, आणि गेली काही वर्षं फर्निचर एक्सपोर्ट करणाऱ्यांना त्यांच्या मालाचा कार्बनचा हिशोब करून देतो, कारण बाहेरचा गिऱ्हाईक आता लाकूड कुठून आलं आणि किती धूर करून आलं हे विचारल्याशिवाय ऑर्डर देत नाही. त्यामुळे जरा लांबण लागेल पण नीट सांगतो.

पहिली गोष्ट, "सागवान की प्लाय की एमडीएफ" या प्रश्नाला असं थेट उत्तर नाहीच. आमच्या हिशोबात वस्तूचं सगळं आयुष्य धरतात, रोपापासून राखेपर्यंत. झाड कुठे वाढलं, कसं तोडलं, कापताना आणि वाळवताना किती वीज-इंधन गेलं, गोंद कुठला, ट्रक किती किलोमीटर चालला, तुमच्या घरात ते किती वर्षं टिकलं आणि शेवटी फेकलं, जाळलं की परत वापरलं. याला लाइफ सायकल असेसमेंट म्हणतात, आयएसओ १४०४० आणि १४०४४ ही त्याची स्टँडर्डं. आणि यातली सगळ्यात महत्त्वाची अट म्हणजे तुलना शीटची शीटशी करायची नाही, कामाची कामाशी करायची. म्हणजे "एक एमडीएफ शीट विरुद्ध एक प्लाय शीट" असं नाही तर "कपडे ठेवायला एक कपाट, २० वर्षं" असं धरायचं आणि मग त्या २० वर्षांत कुठल्या मटेरियलचे किती नग लागतील ते बघायचं. एवढं केलं की अर्धे वाद तिथेच मिटतात.

हे मला पुस्तकातून नाही, एका किचनमधून कळलं. धंद्याच्या सुरुवातीच्या वर्षांत एका गिऱ्हाइकाचं किचन केलं, दुकानदारानं सांगितलं की हे पण वॉटरप्रूफच आहे साहेब, आणि मी शिक्का न बघता एमआर ग्रेडचा, म्हणजे नुसता दमटपणा सोसणारा, प्लाय सिंकखाली लावला. तिसऱ्या पावसाळ्यात फोन आला. जाऊन बघतो तर खालचा बॉक्स फुगून त्याचे थर वहीच्या पानांसारखे सुटे झालेले, बोट घातलं की पापुद्रा हातात येत होता, बिजागरीचे स्क्रू नुसते भोकात लोंबकळत होते. तो बॉक्स गेला, त्याच्यावरचा सनमायका गेला, शटर गेली, कारण जुन्या मापाला नवं जुळेना, आणि शेवटी बाईंनी सगळं किचनच नवीन करून घेतलं. १२ शीटचं काम होतं. म्हणजे २४ वर्षं चालायला हवं ते ६ वर्षांत बदलत गेलं तर त्याच ओट्याखाली १२ च्या जागी ४८ शीट जातात! लाकूड कितीही "ग्रीन" असू दे, चौपट वापरलं की ग्रीन राहत नाही. तेव्हापासून मी ओल्या जागी बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही न सुटणारा), म्हणजे आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का असलेला फिनॉल फॉर्मल्डिहाइड गोंदाचा प्लायच लावतो, आणि कोरड्या जागी आयएस ३०३ वाला एमआर बिनधास्त वापरतो, कारण बेडरूमच्या कपाटाला मरीन प्लाय (तोच आयएस ७१० वाला) लावणं हा पैशाचा आणि गोंदाचा दोन्हीचा अपव्यय आहे. शिक्का शीटवर बघायचा, बिलावर नुसतं "वॉटरप्रूफ" लिहिलेलं चालवून घ्यायचं नाही.

आता कार्बन. पूर्ण कोरड्या लाकडाचं साधारण निम्मं वजन कार्बनचं असतं. त्या कार्बनसाठी झाडानं हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढलेला असतो, आणि १ किलो कोरडं लाकूड म्हणजे अंदाजे १.८ किलो कार्बन डायऑक्साइड पकडून ठेवलेला. १८ एमएमची आठ बाय चारची प्लाय शीट ३० ते ३५ किलो भरते, त्यातला गोंद आणि ओलावा वजा केला तरी ४५ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड त्यात बंद आहे. चांगली गोष्ट आहे, मान्य. पण इथेच जाहिरातवाले गंमत करतात. ते हिशोब फॅक्टरीच्या गेटपर्यंतच करतात, लाकडात साठलेला कार्बन वजा धरतात आणि "आमचा बोर्ड कार्बन निगेटिव्ह" असं छापून मोकळे होतात. अहो, पण तो बोर्ड पंधरा वर्षांनी जळला किंवा कुजला की तो सगळा कार्बन परत हवेत जाणारच ना, आणि कचऱ्याच्या ढिगात दबून कुजला तर वर मिथेन होतो, जो उष्णता धरून ठेवण्यात कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पट वाईट. म्हणून बांधकामाच्या मालासाठी असलेल्या युरोपच्या ईएन १५८०४ या स्टँडर्डमध्ये २०१९ च्या सुधारणेनंतर झाडातून आलेला कार्बन वेगळा दाखवावा लागतो आणि आयुष्य संपतानाचा हिशोबही द्यावा लागतो. तुम्हाला कुणी असा कागद दाखवला तर एकच प्रश्न विचारा, "हा हिशोब गेटपर्यंतचा आहे की शेवटपर्यंतचा?" बहुतेक जण गप्प होतात.

आणि तो साठा खरा कधी? तोडलेल्या झाडाच्या जागी दुसरं वाढत असेल तरच. म्हणून लाकूड कुठलं यापेक्षा लाकूड कुठून, हा प्रश्न मोठा.

मुलगा म्हणतो सागवान म्हणजे जंगलतोड, हे अर्धं बरोबर आहे. आपल्याकडे आलापल्ली, बल्लारशा भागातला साग वनविभागाच्या आणि वनविकास महामंडळाच्या डेपोतून लिलावानं विकला जातो, त्यावर हातोड्याचा शिक्का असतो, वाहतूक परवाना असतो, तोड ठरलेल्या कार्य आयोजनेप्रमाणे (वनविभागाच्या मंजूर आराखड्याप्रमाणे) होते. १२ डिसेंबर १९९६ ला सुप्रीम कोर्टानं गोदावर्मन खटल्यात जो आदेश दिला त्यानंतर मंजूर कार्य आयोजनेशिवाय देशात कुठल्याच जंगलात तोड करता येत नाही. आफ्रिकेतून किंवा दक्षिण अमेरिकेतून येणारा बराच साग लागवडीचा असतो, तो फिकट आणि मऊ असतो पण जंगलातला नसतो. खरी भीती बर्मा टीक म्हणून जे नवीन विकतात त्याची. म्यानमारनं १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केलीये, २०२१ मध्ये तिथे लष्करानं सत्ता घेतल्यावर अमेरिकेनं तिथल्या सरकारी लाकूड कंपनीवर निर्बंध घातले, तरी दुकानात "ओरिजिनल बर्मा" मिळतंच. मी तरी ते घेत नाही आणि घ्या म्हणून सांगत नाही.

गर्जनचंही हेच. इंटिरिअरवाले गर्जन प्लाय म्हणजे सर्वात भारी असं सांगतात कारण त्याची लालसर फेस, म्हणजे शीटचा सगळ्यात वरचा थर, छान दिसते आणि लाकूड टणक असतं. पण गर्जन हे आग्नेय आशियातल्या नैसर्गिक जंगलातलं झाड, सावकाश वाढणारं, आणि त्या गोत्रातल्या कित्येक जाती आज धोक्यात आहेत. आणि तुम्ही त्यावर वरून सनमायकाच चिकटवणार आहात! मग आतली फेस गर्जनची असो की शेतातल्या निलगिरीची, दिसणार कुणाला? चिवटपणा ठरतो गोंदावर आणि आतले थर किती दाट, किती बिनजोड आहेत त्यावर. या एका ठिकाणी तुम्ही इंटिरिअरवाल्याला ठाम नाही म्हणा, पैसे पण वाचतील.

याउलट शेतातलं लाकूड. १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणात लिहिलंय की लाकडावरच्या उद्योगानं कच्चा माल शक्यतो शेतकऱ्यांकडून घ्यावा, आणि आपल्या प्लाय उद्योगात ते बऱ्याच अंशी झालंय. हरियाणात यमुनानगरला पॉप्लर आणि निलगिरी येतं ते बांधावरून आणि शेतातून, पॉप्लर सहा-सात वर्षांत तोडणीला येतं, मध्ये शेतकरी गहू-ऊस काढत असतो. केरळात पेरुंबावूरला रबराचं लाकूड. रबराचं झाड पंचवीस-तीस वर्षं चीक देतं, मग चीक आटला की तोडावंच लागतं, पूर्वी ते सरळ जळणाला जायचं. त्या झाडाचा प्लाय किंवा बोर्ड करणं म्हणजे माझ्या मते सगळ्यात स्वच्छ लाकूड. निलगिरी किती पाणी ओढते याबद्दल वाद आहेत, कोरडवाहू भागात ती लावू नये असं मलाही वाटतं, पण ओलिताच्या बांधावरची निलगिरी आणि सदाहरित जंगलातला गर्जन यांची बरोबरी होत नाही.

कागद काय मागायचा? दुकानातल्या बोर्डवर किंवा कॅटलॉगवर एफएससीचं (लाकूड नीट सांभाळलेल्या जंगलातलं आहे असा दाखला देणाऱ्या संस्थेचं) झाड छापलेलं असतं त्याला काही अर्थ नाही. खरा माल असेल तर विक्रीच्या बिलावर त्या मालापुढे "एफएससी १००%" किंवा "एफएससी मिक्स" असं लिहिलेलं असतं आणि दुकानदाराचा सर्टिफिकेट कोड असतो, साखळीतला प्रत्येक जण सर्टिफाइड असला तरच ते लिहिता येतं. लहान दुकानदाराकडे हे नसतं आणि त्यात त्याची चूक नाही, सर्टिफिकेटचा खर्च परवडत नाही. अशा वेळी मी फॅक्टरी कुठली आणि लाकडाची जात कुठली एवढं तरी विचारतो.

वाहतुकीचा लोक फार बाऊ करतात, "परदेशी लाकूड म्हणजे केवढं डिझेल". मोजून बघा. ट्रक एक टन माल एक किलोमीटर नेताना साधारण १०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडतो, मोठं जहाज दहा-पंधरा ग्रॅम. यमुनानगर ते पुणे अंदाजे १,६०० किलोमीटर ट्रकनं, म्हणजे एका शीटमागे पाचेक किलो. पश्चिम आफ्रिकेतून समुद्रानं तेरा-चौदा हजार किलोमीटर आलेल्या तेवढ्याच वजनाच्या लाकडाचाही आकडा जवळपास तोच, बंदरापासून पुढचा ट्रक तेवढा वेगळा. म्हणजे अंतर हा मुद्दा आहे, पण तो जंगल आणि टिकाऊपणा यांच्या खूप नंतर येतो.

आता एमडीएफ. मुलाला सांगा की आपल्याकडचा बराचसा एमडीएफ भुशाचा नसतो, त्यासाठी निलगिरी, सुबाभूळ, पॉप्लर अशी झाडं मुद्दाम तोडतात, त्यांचे ढलपे करून वाफवून दळतात, त्याचे तंतू करतात आणि गोंद घालून गरम प्रेसमध्ये दाबतात. या दळण्या-वाळवण्याला चिरलेल्या लाकडापेक्षा किंवा प्लायपेक्षा जास्त ऊर्जा लागते आणि गोंदही जास्त. चांगली बाजू अशी की वाकडीतिकडी, बारीक फांदीही त्यात वापरली जाते, ओंडक्यातलं फारसं वाया जात नाही, तेच सागाचा ओंडका चिरला तर जवळजवळ निम्मा भुसा आणि फळकुटात जातो. म्हणून एमडीएफ वाईट असं मी म्हणणार नाही. पेंट केलेली शटर, कोरडी भिंत, हलकं शेल्फ यासाठी उत्तम. पण सिंक, बाथरूमशेजारची भिंत, पावसाळ्यात ओल येणारी खोली इथे लावलात तर फुगणार आणि फुगलेला एमडीएफ दुरुस्त होत नाही.

गोंदाचं दुसरंही आहे. स्वस्त बोर्डातला युरिया फॉर्मल्डिहाइड गोंद महिनोन्‌महिने थोडा थोडा वायू सोडत राहतो, नव्या कपाटाचं दार उघडलं की डोळे चुरचुरतात ते त्यामुळेच. फॉर्मल्डिहाइडला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय. तेव्हा घरात लहान मूल असेल तर बोर्ड ई१ किंवा त्याहून कमी उत्सर्जनाचा मागा, सगळ्या उघड्या कडा एज बँडनं (कडेला चिकटवायच्या पट्टीनं) बंद करून घ्या (शेल्फची मागची कड सुतार हमखास सोडतो), आणि फर्निचर झाल्यावर दोन-तीन आठवडे खिडक्या उघड्या ठेवून मगच राहायला जा.

मला सगळ्यात जास्त त्रास होतो तो मात्र मटेरियलचा नाही, भिंतीत ठोकलेल्या फर्निचरचा. पुण्यात रिसेलचा फ्लॅट घेतला की पहिलं काम काय, तर आधीच्या मालकाचं सगळं इंटिरिअर तोडायचं. मी स्वतः अशा साइटवर उभा राहिलोय जिथे जेमतेम पाच वर्षांची कपाटं हातोड्यानं फोडून टेम्पोत भरत होते, प्लाय आतून अगदी कोरा, गुळगुळीत, पण भिंतीच्या मापाचा, फेविकॉलनं आणि खिळ्यांनी असा पक्का की एक फळी धड निघेना. ती शीट अजून वीस वर्षं सहज चालली असती. सुताराला विनंती करून आम्ही दोन दिवसांत जेमतेम सात-आठ शटर वाचवली. म्हणून माझं ठाम मत, कपाट, पलंग, टेबल, टीव्ही युनिट हे शक्यतो सुटं करा, मिनिफिक्स (परत खोलता येणारा जोड) आणि स्क्रूवर जोडलेलं, म्हणजे घर बदललं की खोलून नेता येतं. किचनचे बॉक्ससुद्धा ठरलेल्या मापाचे सुटे सुटे करा, म्हणजे एक खराब झाला तर एकच बदलतो. मिस्त्री म्हणेल फेविकॉल लावल्याशिवाय मजबुती येत नाही. येते. एक्सपोर्टच्या मालात आम्ही असंच करतो आणि तो माल कंटेनरमधून महिनाभर हिंदकळत जाऊन परत जोडला जातो.

कटिंगचा प्लॅनही आधी कागदावर करून घ्या. शीट आठ बाय चारची असते, कपाटाची खोली २५ इंच धरली की शीटच्या रुंदीत एकच पट्टी निघते आणि २३ इंचांचा तुकडा उरतो, तीच खोली पावणेचोवीस केली की दोन निघतात. सव्वा इंचाचा प्रश्न असतो! हँगर अडकणार नाही याची खात्री करून घ्या, बाकी कुणाच्या लक्षातही येत नाही. उरलेले तुकडे ड्रॉवरला, मागच्या पट्ट्यांना वापरायचे हे मिस्त्रीला पहिल्या दिवशीच सांगायचं, शेवटच्या दिवशी सांगून उपयोग नसतो.

आणि जे अगदीच उरेल ते जळणाला द्यायचं नाही. वॉचमनला, बंबाला, बेकरीला, कुणालाच नाही. प्लाय-एमडीएफमध्ये गोंद, सनमायका, वाळवीचं औषध, सगळं असतं आणि ते धुरातून बाहेर पडतं. मुंबईत बेकऱ्या आणि हॉटेलांच्या भट्ट्यांतल्या लाकूड-कोळशाच्या धुराचा प्रश्न इतका वाढला की जानेवारी २०२५ मध्ये हायकोर्टानं सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं, आणि त्या भट्ट्यांत जुन्या फर्निचरचं भंगार लाकूड जातं कारण ते स्वस्त मिळतं.

आता तुमच्या वाईच्या घराकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात मोलाची वाटली ती ती एक ओळ, "ठेकेदार लाकूड उचलतो म्हणतोय". थांबवा त्याला.

एक तुळई घेऊ. सहा बाय आठ इंचाची, १२ फूट लांब. इंच गुणिले इंच गुणिले फूट भागिले १४४, म्हणजे ४ घनफूट. सागाची असेल तर सत्तर किलोच्या वर वजन आणि आत अंदाजे १२० किलो कार्बन डायऑक्साइड, शंभर वर्षं बंद असलेला. अशा पाच-सहा तुळया, खांब, पाट्या, दारांच्या चौकटी धरा. त्यासाठी आज एकही झाड तोडायचं नाही, वाळवायला भट्टी नको, गोंद नको, हे लाकूड आता सहसा वाकणार नाही की फाटणार नाही कारण जे काही वाकायचं होतं ते तुमच्या पणजोबांच्या वेळीच वाकून झालंय.

फक्त सगळं सागवान असेल असं धरू नका. जुन्या घरात तुळया सागाच्या आणि वासे जांभळाचे, ऐनाचे, मिळेल त्याचे असं चालायचं. बघायचं असं, कडेला पटाशीनं एक कपची काढा, वरचा काळा थर (तेल, डांबर, धूर काहीही असतं) गेला की आत सोनेरी तपकिरी रंग आणि तो चामड्यासारखा तेलकट वास आला की साग. मग पटाशीच्या दांड्यानं तुळईवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ठोकत जा. ठण्ण वाजलं पाहिजे, जिथे बद्द वाजेल तिथे वाळवीनं आतून पोकळ केलीये, खडूनं खूण करून तेवढा भाग कापायचा. भिंतीत गाडलेली टोकं बहुतेक वेळा गेलेलीच असतात, त्यामुळे दोन्हीकडून फूटभर सोडूनच माप धरा. दारं-खिडक्यांवर जुना ऑइलपेंट असेल तर तो कोरडा घासू देऊ नका, जुन्या रंगात शिसं असायचं, त्याची धूळ फार वाईट, ओला करून किंवा गरम हवेच्या गननं सावकाश काढायचा, मास्क लावून, आणि पोरांना लांब ठेवून. आरागिरणीवर न्यायच्या आधी खिळे काढायचेच. एका तुळईत मला अकरा निघाले होते, घडीव, चौकोनी, बोटाएवढे. मेटल डिटेक्टर फिरवला नसता तर करवतीचा पट्टा तुटला असता, म्हणूनच बरेच गिरणीवाले जुनं लाकूड घेत नाहीत. तुम्ही आधी फोन करून विचारा आणि पट्ट्याच्या नुकसानीचं आधीच बोलून ठेवा.

तर पलंग, जेवणाचं टेबल, मुख्य दाराची चौकट हे वाड्याच्या लाकडातून. ओट्याखाली बीडब्ल्यूपी, शेतातल्या लाकडाचा. कपाटांचे बॉक्स एमआर प्लायचे, सुटे. शटरं हवी तर एमडीएफची, ई१ वाली. गर्जन नको, नवीन बर्मा नको. आणि ठेकेदाराशी बोलताना लाकूड करारातून लेखी वगळून घ्या, पाडकाम सुरू करण्याआधी छपरापासून उलट्या क्रमानं हातानं उतरवून घ्यायचं असंही त्यात लिहा, जेसीबी आधी लागला तर तुळया मधोमध मोडतात आणि मग त्यांचं जळणच होतं. उतरवल्यावर थेट जमिनीवर ठेवू नका, खाली विटा आणि मध्ये रिपा घालून, वरून पत्रा टाकून रचा. मापं आणि ठोकल्यावर कुठे बद्द वाजलं ते लिहून पाठवा, त्यातून किती फळी निघेल ते मी काढून देतो.